विमा पॉलिसीचे दान : आधी घर, मग सही

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात दान ही काही नवलाची गोष्ट नाही. हरिनाम सप्ताहाचा महाप्रसाद असो, शाळेला हवी असलेली खोली असो, की कुणाच्या ऑपरेशनसाठी गावाने गोळा केलेली वर्गणी असो. पावतीपुस्तक दारात आले की माणूस ऐपतीप्रमाणे देतो. सोयाबीनचे पैसे हाती आले असतील तर थोडे जास्त देतो, कापूस घरातच पडून असेल तर ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो. पैसा, धान्य, जमिनीचा तुकडा, श्रम, रक्त, डोळे, हे सारे देता येते हे लोकांना माहीत आहे. आयुर्विम्याची पॉलिसीही दान देता येते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ती देता येते, आणि विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ३८ ने तशी रीतसर वाट करून ठेवली आहे. मात्र हे दान इतर दानांसारखे नाही. धान्याचे पोते दिले की दान तिथेच पूर्ण होते. पॉलिसीचा पैसा येतो तो वर्षांनंतर, अनेकदा देणारा हयात नसताना. त्या दिवशी त्याची इच्छा सांगायला तो नसतो. असतो तो फक्त कागद. म्हणून या दानात भावनेइतकेच कागदालाही महत्त्व आहे, आणि कागदावर सही करण्याआधी घराचा विचार करणे त्याहून महत्त्वाचे आहे. या प्रकरणात या दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

पॉलिसीचा मालक कोण?

एका पॉलिसीभोवती तीन भूमिका असतात. ज्याच्या आयुष्यावर विमा उतरवला तो विमेदार. पॉलिसीचे हक्क ज्याच्याकडे तो मालक. आणि विमेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम स्वीकारायला नेमलेला तो नॉमिनी. आपल्याकडे पहिल्या दोन भूमिका बहुधा एकाच माणसाकडे असतात, त्यामुळे त्या वेगळ्या होऊ शकतात हे लक्षात येत नाही. पॉलिसी दान देणे म्हणजे यातली मालकी संस्थेच्या नावावर करणे. सातबाऱ्यावर जसा फेरफार होतो आणि शेत तेच राहून नाव बदलते, तसेच इथे होते. विमा तुमच्याच आयुष्यावर राहतो, पण त्यातला पैसा संस्थेचा होतो. या नावबदलाला विमा व्यवहारात असाइनमेंट म्हणतात.

मग संस्थेनेच थेट एखाद्या दात्याच्या आयुष्यावर विमा का काढू नये? कारण ज्याच्या जगण्यात आपला कायदेशीर आर्थिक हितसंबंध नाही, त्याच्या आयुष्यावर विमा काढता येत नाही. या नियमाचे मूळ अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहे. तिथे अनोळखी माणसांच्या जगण्या-मरण्यावर विम्याच्या नावाने पैजा लागत होत्या. १७७४ च्या लाइफ अ‍ॅश्युरन्स अ‍ॅक्टने त्यांना आळा घातला. आपल्याकडेही तेच तत्त्व पाळले जाते. मात्र हा हितसंबंध पॉलिसी सुरू होताना असावा लागतो. स्वतःच्या आयुष्यावर स्वतः घेतलेली पॉलिसी पुढे सद्भावनेने संस्थेला देण्यात कोणताही अडसर नाही.

कोणती पॉलिसी द्यावी, कोणती देता येत नाही

दानाला सर्वात योग्य पॉलिसी म्हणजे जिची घरातली गरज संपली आहे ती. समजा, महागावातल्या एका गुरुजींनी चाळिशीत पाच लाखांची, वीस वर्षे मुदतीची पॉलिसी घेतली. तेव्हा मुले लहान होती आणि घराचे कर्ज डोक्यावर होते. बारा हप्ते भरून झाले, तोवर मुले नोकरीला लागली, कर्ज फिटले. उद्या गुरुजींचे काही बरेवाईट झाले तरी त्या पाच लाखांवाचून घर अडणार नाही. अशी पॉलिसी खुशाल द्यावी.

पुढचे हप्ते कोण भरणार, हा प्रश्न इथे लगेच येतो. गुरुजी भरू शकतात, संस्थाही भरू शकते. दोघांनाही जमणार नसेल तर पॉलिसी ‘पेड-अप’ करता येते, म्हणजे हप्ते थांबतात आणि विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन पॉलिसी चालू राहते. वीसपैकी बारा हप्ते भरले, तर पाच लाखांची पॉलिसी तीन लाखांची होते, आणि तोवर जमा झालेला बोनस त्यात मिळतो. छोट्या संस्थेला ही पेड-अप पॉलिसी फार सोयीची, कारण तिच्या मागे हप्त्याची तारीख लागलेली नसते.

काही विमे दान देता येत नाहीत. जनधन खात्याबरोबर बऱ्याच जणांनी घेतलेली प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना हा सामूहिक विमा आहे. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून कापले जातात, १ जून ते ३१ मे असे वर्ष धरले जाते आणि मृत्यू झाल्यास नॉमिनीला दोन लाख मिळतात. त्यात साठलेली किंमत नसते, त्यामुळे देण्यासारखे काही नसते. ते संरक्षण कुटुंबासाठी आहे आणि कुटुंबासाठीच राहू द्यावे. गृहकर्जासाठी बँकेकडे असाइन केलेली पॉलिसीही, बँकेने ती परत नावावर करून दिल्याशिवाय, दुसऱ्याला देता येत नाही. पॉलिसीवर कर्ज काढले असेल तर ते आणि त्याचे व्याज शेवटी रकमेतून वळते होते, हेही संस्थेला आधी सांगावे.

विवाहित महिला संपत्ती अधिनियम, १८७४ खाली घेतलेली पॉलिसी तर मुळात नवऱ्याच्या हातात नसतेच. या अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे पत्नी आणि मुलांसाठी न्यास तयार होतो आणि त्यावर ना नवऱ्याचा ताबा चालतो, ना त्याच्या सावकाराचा. तो पैसा त्यांचाच आहे आणि त्याचे दान नवऱ्याला करता येत नाही.

आधी घर

कर्जाखाली कुटुंब मोडते म्हणजे काय होते, हे या तालुक्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातली जाहीरपणे नोंदली गेलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना सांगितली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून दरवर्षी १९ मार्चला ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करून त्या कुटुंबाची आठवण ठेवतात. ज्या मातीत हे घडले तिथे विम्याविषयी लिहिताना पहिला शब्द घराचाच असला पाहिजे.

म्हणून पॉलिसी देण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. सोसायटीचे, बँकेचे, हातउसने मिळून एकूण किती देणे आहे? माझ्यामागे माझ्या पत्नीकडे तिच्या स्वतःच्या नावावर काय आहे? कुणाचे शिक्षण, कुणाचे लग्न अजून व्हायचे आहे का, कुणाचे आजारपण चालू आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर अवघड वाटले तर ती पॉलिसी अजून घराची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने आयुर्विम्याखाली देय असलेली रक्कम कर्जवसुलीच्या जप्तीपासून वाचवली आहे. कायद्याने कुटुंबासाठी राखून ठेवलेली ही शिदोरी आहे. ती पूर्ण विचार करूनच सोडावी.

आणि हा विचार घरच्यांसमोर व्हावा. पूर्ण असाइनमेंट झाली की आधीचे नॉमिनेशन आपोआप रद्द होते. पत्नीला हे दहा वर्षांनी विमा कार्यालयाच्या खिडकीवर कळणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. ज्या दानाची गोष्ट घरात उघडपणे झाली, त्याच्यावर मागाहून वारस कोर्टात जाण्याची वेळ सहसा येत नाही.

तीन वाटा

पहिली वाट पूर्ण असाइनमेंटची. यात सगळे हक्क कायमचे संस्थेकडे जातात. मृत्यूची रक्कम तिची, आणि तुम्ही मुदत संपेपर्यंत सुखरूप राहिलात तर मुदतीअंती मिळणारी रक्कमही तिचीच. बरेच दाते हा दुसरा भाग विसरतात. संस्था मध्येच पॉलिसी सरेंडर करून पैसे घेऊ शकते, तिच्यावर कर्जही काढू शकते. दिलेली पॉलिसी तुमच्या एकट्याच्या इच्छेने परत येत नाही.

दुसरी वाट सशर्त असाइनमेंटची. ‘मुदत संपेपर्यंत मी हयात असलो तर पैसा माझा, त्याआधी गेलो तर संस्थेचा’, अशी अट कायद्याला मान्य आहे. अशा अटीवर पॉलिसी घेणाऱ्या संस्थेला ती सरेंडर करता येत नाही किंवा तिच्यावर कर्ज काढता येत नाही. म्हातारपणी स्वतःलाच पैसा लागेल अशी धास्ती ज्यांना आहे, त्यांनी ही वाट नक्की पाहावी. विमा कायद्यात २०१४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीचा काही भागच असाइन करण्याचीही मुभा आहे. पाच लाखांपैकी दोन लाख संस्थेला देता येतात, मात्र उरलेली रक्कम पुन्हा तिसऱ्याला असाइन करता येत नाही.

तिसरी वाट मृत्युपत्राची. पॉलिसी आपल्याच नावावर ठेवून तिचा पैसा संस्थेला मिळावा असे मृत्युपत्रात लिहायचे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुस्लिम कुटुंबांना वेगळा नियम आहे. वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एकतृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता देता येत नाही. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत मन बदलता येते.

पण इथे एक खड्डा आहे, तो नॉमिनीचा. नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा, खरे मालक वारस, असे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात सांगितले होते. पुढे विमा कायद्यातली दुरुस्ती २६ डिसेंबर २०१४ पासून लागू झाली आणि आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले हे नॉमिनी असतील तर ते त्या रकमेचे लाभाचे हक्कदार ठरतील अशी तरतूद आली. तिचा नेमका अर्थ काय, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. मृत्युपत्रात संस्था आणि पॉलिसीवर नॉमिनी म्हणून पत्नी, अशी स्थिती ठेवली तर त्या वादात उद्या आपले घर आणि आपली संस्था हेच समोरासमोर उभे राहतात. संस्थेलाच नॉमिनी करावे म्हटले, तर कंपन्या सहसा नात्यातला माणूस मागतात. म्हणून दान नक्की पोहोचावे असे वाटत असेल, तर असाइनमेंटची वाट अधिक खात्रीची.

बाँडच्या पाठीवर

असाइनमेंट पॉलिसीच्या मूळ बाँडवर लिहिता येते किंवा वेगळ्या दस्ताने करता येते. त्यात हस्तांतर केल्याचे, त्याचे कारण, ज्याला देतो त्याची माहिती आणि अटी हे सगळे आले पाहिजे. देणाऱ्याची सही हवी आणि किमान एका साक्षीदाराची सही हवी. मजकूर साधाच असतो : ‘या पॉलिसीतील माझे सर्व हक्क मी अमुक संस्थेस, तिच्या शैक्षणिक कार्याविषयीच्या आस्थेपोटी, कोणताही मोबदला न घेता कायमचे देत आहे.’ कारण लिहायला संकोच करू नये. ‘आस्थेपोटी’ आणि ‘मोबदला न घेता’ हे शब्दच पुढे या व्यवहाराचे खरेपण सिद्ध करतात.

सही झाली की देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये दान पक्के होते, पण विमा कंपनीवर ते बंधनकारक होते लेखी सूचना कंपनीकडे पोहोचल्यावर. दोघांनी दावा केला तर कुणाची सूचना आधी पोहोचली यावर अग्रक्रम ठरतो. म्हणून बाँड आणि सूचना शाखेत देऊन तारखेसह लेखी पोच घ्यावी, आणि नोंद झालेला बाँड परत हाती आल्यावर त्यावरचे संस्थेचे नाव अक्षर न् अक्षर तपासावे. नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव आणि बाँडवरचे नाव यात ‘मंडळ’ आणि ‘संस्था’ एवढाच फरक राहिला, तरी दाव्याच्या वेळी खुलाशांची रांग लागते. संस्थेचे पॅन कार्ड आणि बँक खातेही त्याच वेळी कंपनीकडे नोंदवून घ्यावे.

कंपनी नकार देऊ शकते का? देऊ शकते. हस्तांतर खरे नाही, पॉलिसीधारकाच्या किंवा जनतेच्या हिताचे नाही, किंवा पॉलिसींचा धंदा करण्यासाठी केले आहे असे मानायला पुरेसे कारण असेल तर. मात्र कारणे लेखी नोंदवून तीस दिवसांत कळवावी लागतात आणि त्यावर पुढच्या तीस दिवसांत विमा नियामक प्राधिकरणाकडे दाद मागता येते. या तरतुदीमागे मुंबईतला एक गाजलेला वाद आहे. लोकांच्या चालू पॉलिसी विकत घेणाऱ्या ‘इन्शुअर पॉलिसी प्लस सर्व्हिसेस’ या कंपनीच्या नावे असाइनमेंट नोंदवायला आयुर्विमा महामंडळाने नकार दिला होता. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसी ही हस्तांतर करता येणारी मालमत्ता असल्याचे मान्य केले. पण तोवर कायदा बदलला होता आणि धंद्यासाठी होणारे हस्तांतर अडवण्याचा अधिकार कंपन्यांना मिळाला होता.

धर्मादाय संस्थेच्या नावाआड धंदा होऊ शकतो, हे अमेरिकेत दिसले आहे. तिथे पॉलिसी दान देण्याची पद्धत जुनी आहे. तिच्या आडून काही गुंतवणूकदारांनी संस्थांना पुढे करून वृद्ध दात्यांच्या आयुष्यावर पॉलिसी काढल्या. २००६ च्या एका कायद्याने संस्थांना अशा व्यवहारांची माहिती सरकारला देणे भाग पाडले. आपल्या दात्यांनीही यावरून एक खूणगाठ बांधावी. ‘संस्थेसाठी नवी मोठी पॉलिसी काढा, हप्ते आम्ही भरतो’ असे कुणी घरी येऊन सांगितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

संस्था पारखताना

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. यवतमाळला सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. संस्थेला तिचा नोंदणी क्रमांक विचारावा. धर्मादाय न्यासांच्या क्रमांकाआधी ‘ई’ आणि संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. परिशिष्ट-१ चा उतारा पाहिला की विश्वस्तांची अधिकृत नावे कळतात. विश्वस्त बदलले तर त्याचा बदल अर्ज दाखल झाला आहे का, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण झाले आहे का, हे विचारण्यात अपमान कसलाच नाही. ज्या संस्थेला तुमचे प्रश्न आवडत नाहीत, तिला तुमची पॉलिसी देऊ नये.

कराचा हिशेब

कर वाचेल म्हणून पॉलिसी दान करू पाहणाऱ्याने थांबावे. आयकर कायद्यातली दानावरची सवलत (१९६१ च्या कायद्यात कलम ८०-जी) फक्त पैशाच्या रूपातल्या दानाला आहे. पॉलिसीचा कागद देणे हे वस्तूचे दान, त्यावर ही सवलत नाही. सवलत महत्त्वाची असेल तर सोपा मार्ग आहे. पॉलिसीची मुदत संपू द्यावी, पैसा आपल्या खात्यात येऊ द्यावा आणि मग चेकने किंवा खात्यातून संस्थेला द्यावा. दोन हजारांवरच्या रोख दानाला ही सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. जुनी प्रणाली निवडलेल्यांनी संस्थेकडून दानाचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र मागून घ्यावे.

आणखी एक दान आहे, जे नकळत होते. विम्याची रक्कम दहा वर्षे कुणी मागितलीच नाही, तर ती केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. हेतू चांगला असला तरी ते तुम्ही निवडलेले दान नाही. वडिलांच्या पेटीत जुना बाँड सापडला तर कंपनीच्या संकेतस्थळावर दावा न केलेल्या रकमांची यादी पाहावी. हक्काचा पैसा आधी मिळवावा आणि मग द्यायचा तिथे द्यावा.

संस्थेचीही जबाबदारी

आतापर्यंत दात्याविषयी बोललो. पण हे दान बहुधा फसते ते घेणाऱ्याच्या हातात. आज बाँड स्वीकारणारे अध्यक्ष वीस वर्षांनी त्या खुर्चीवर नसतील. कार्यालय बदललेले असेल, कपाट हलवलेले असेल. दाता गेल्याची बातमी गावात कळेल, पण त्याची पॉलिसी आपल्याकडे आहे हे कुणाला आठवणार नाही. म्हणून पॉलिसी स्वीकारताना विश्वस्तांनी बैठकीत ठराव करावा आणि रक्कम कोणत्या कामासाठी वापरायची हे त्यात लिहावे. पॉलिसींची वेगळी नोंदवही ठेवावी. तिच्यात पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीची शाखा, मुदत, हप्त्याची तारीख, दात्याच्या घरचा संपर्क हे सारे असावे. ही वही दरवर्षी लेखापरीक्षकासमोर ठेवावी आणि नवे विश्वस्त आले की त्यांच्या सहीने त्यांच्या हाती सोपवावी. दात्याच्या कुटुंबाला वर्षातून एक पत्र जावे.

तालुक्यातले एखादे वाचनालय, एखादे वसतिगृह किंवा रुग्णांना मदत करणारे मंडळ एवढी शिस्त पाळू लागले, तर पाच-दहा निवृत्त शिक्षक, कर्मचारी आणि शेतकऱ्यांच्या गरज संपलेल्या पॉलिसींमधून पुढच्या पिढीसाठी एक कायम निधी उभा राहू शकतो. त्यासाठी कुणाला आज खिशातून मोठी रक्कम काढावी लागत नाही. घरच्यांची संमती, बाँडवरची सही, शाखेची पोच आणि संस्थेच्या वहीतली नोंद या चार गोष्टी जागेवर असल्या, की दात्याच्या मागेही त्याचा शब्द पाळला जातो.